उसनी माय

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखिकेने आपल्या तरुणपणी मेहकर मुक्कामी, एका शाळेच्या व्हरांड्यात, पूर्णपणे विनावेतन, परक्या बायकांच्या गळ्यात पडून रडण्याचे काम केलेले आहे. या कामाचा विद्यापीठाच्या कोणत्याही नियमात उल्लेख नाही. प्रमाणपत्रावरही नाही. तिथे नुसतं 'रुग्णसेवा' असं गुळमुळीत लिहिलं आहे. म्हणून हे निवेदन. उभं राहून ऐकायची गरज नाही, बसलात तरी चालेल.

महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. मी बी.ए.ला होते आणि कॉलेजच्या स्नेहसंमेलनातली कायमची सासू होते. नाटक कोणतंही असो, सासू मी. आवाजच तसा होता. त्या वर्षी मुलामुलींना समाजसेवेला लावायचं विद्यापीठानं नवीनच मनावर घेतलं होतं. आमच्या मराठीच्या सरांनी वर्गात येऊन त्याचे फायदे सांगितले. व्यक्तिमत्त्व फुलतं, नेतृत्व अंगी येतं, कष्टाची लाज जाते. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, हजेरी लागते काय?" सर म्हणाले, "लागते." फायद्यांची चर्चा तिथंच संपली.

माझा फायदा वेगळाच होता. त्या सुट्टीत मला पाहायला पाहुणे येणार होते आणि मेहकरचं नेत्रशिबिर नेमकं त्याच दिवसांत होतं. मी वडिलांसमोर सेवाभावावर असं भाषण ठोकलं की त्यांचे डोळे भरून आले. आईचे भरले नाहीत. ती मला ओळखून होती. पण पाहुण्यांना "पोरगी सेवेला गेली" असं सांगायला बरं वाटतं, म्हणून तिनंही जाऊ दिलं.

शाळेतले बाक बाहेर काढून वर्गावर्गात जमिनीवर गाद्या घातल्या होत्या. तेव्हा मोतीबिंदू काढला की आत भिंग बसवत नसत. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळू भरलेल्या पिशव्या, आणि दिवसचे दिवस पाठीवर सरळ पडून राहायचं. त्या पिशव्या आम्ही मुलींनी जुनी लुगडी फाडून शिवल्या होत्या. डोळ्यांचे डॉक्टर बाहेरगावचे, भारी तापट. त्यांनी आम्हाला ओळीत उभं करून बजावलं, "पेशंटनं शिंकायचं नाही, खोकायचं नाही, भाकरी चावायची नाही, हसायचं नाही, रडायचं नाही. आतला टाका केसाएवढा बारीक आहे. हुंदका आला, टाका तुटला, डोळा गेला. समजलं?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही जरा कमी बोला. तुमच्या खोलीतून हसण्याचे आवाज येतात."

हसण्याचं मूळ मी नव्हतेच. मूळ होत्या जानेफळच्या एक आजी. त्यांच्या गादीशी मी पहिल्यांदा दुधाचा पेला घेऊन बसले तेव्हा त्यांनी पट्टीखालून विचारलं, "कोन हाये वं?"

"मी स्वयंसेविका."

"हे नाव हाये का आडनाव?"

शेजारच्या गादीवरची बाई फिसकन हसली आणि मला बोलणी बसली. असा सगळा न्याय.

आजींचा एक डोळा आधीच गेला होता. गावात आलेल्या कुण्या वैदूनं तो सुईनं 'साफ' करून दिला होता. आता उरला होता तो हा, कापलेला. घरचा भाजीचा मळा होता. वांगी तोडायचं काम आजींचं, आणि शेवटी शेवटी त्यांना किडकं वांगं ओळखू येईनासं झालं. "माही सून माह्या टोपल्यातले वांगे पुन्ना निवडून राह्यली होती," त्या मला म्हणाल्या, "मले ऐकू जाऊ नाई म्हनून हळूहळू निवडे. पन वांग्याचा आवाज येते ना वं." मग म्हणाल्या, "हा डोया राह्यला त मी मळ्यातली. गेला त खाटीवरची." बस, एवढंच बोलल्या. त्यानंतर मी त्यांच्या पिशव्या दर थोड्या वेळानं चाचपून पाहायला लागले.

आता आमच्या वऱ्हाडातली एक रीत सांगायला हवी. बायाबाया खूप दिवसांनी भेटल्या की आधी एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि मोठ्यानं रडतात. दुःखाचं काही घडलेलंच असलं पाहिजे असं नाही. लेक माहेरी आली, बहीण बहिणीला भेटली, की रडायचं. हेल काढून, बोलत बोलत रडायचं. वर्षभराचं सगळं त्या रडण्यात सांगून टाकायचं. मग तोंड धुवायचं आणि हसत चहाला बसायचं. न रडता भेटणं म्हणजे दारावर आलेल्या फेरीवाल्याला भेटणं.

आणि आमच्याकडे तर रोज एस.टी. भरभरून नातेवाईक उतरत होते.

पहिल्यांदा एका बाईची बहीण आली. आम्हाला कळायच्या आत दोघी एकमेकींच्या गळ्यात. संध्याकाळी पट्टी बदलताना तिच्यावर लाल डाग होता. डॉक्टर खाली बसून बराच वेळ त्या डोळ्यात पाहत राहिले. तो डोळा नंतर वाचला, पण त्या दिवशी कोणालाच खात्री नव्हती. त्यांनी हुकूम काढला, भेटायला कोणीही आत जायचं नाही. झालं, फाटकाशी रणधुमाळी. "आम्ही काय चोर हाओ?" "आमच्या बाईले कोंडून ठेवलं काय?" एक भाऊ तर बहिणीला उचलून बैलगाडीत घालून न्यायला निघाला होता. मराठीच्या सरांनी त्याला हात जोडून थांबवलं. नेतृत्वगुण, दुसरं काय.

त्याच गडबडीत आजींची लेक आली. वरवट बकालहून, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाहून. शेगावला एक आणि खामगावला एक गाडी बदलून, काखेत दशम्यांचं गाठोडं घेऊन. तिनं फाटकावर नुसतं "माही माय कुठी हाये?" विचारलं आणि आत आजींनी तो आवाज ओळखला.

"माही लेक आली!" आजींची मान पिशव्यांमधून उठायलाच लागली. मी दोन्ही हातांनी त्यांचं कपाळ धरलं.

"आजी, हलू नका. टाका तुटेल."

"आन लेक दारात उभी असून मी धोंड्यावानी पडून राहू? सोड वं मले!"

"तुम्ही पडून राहिलात तर डॉक्टरांची नजर चुकवून तिला आत आणते."

"रडू देशीन?"

"नाही."

"मंग कायची भेट!" म्हणाल्या, आणि हनुवटी थरथरायला लागली. मी एका मैत्रिणीला त्यांच्या कपाळावर हात ठेवायला बसवलं आणि बाहेर धावले.

लेक चाळिशीची, उंच, रागानं लाल झालेली बाई. मी तिला टाक्याचं, डागाचं सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सारं पटते बाई मले. पन इतल्या लांबून आली, मायले कोरडी भेटू काय? गावात गेल्यावर बाया इचारतीन, माय भेटली त काय बोलली वं? मी काय सांगू?" आणि एकदम आवाज खाली आणून, "आन मले येऊन राह्यलं ना रडू. ते कुठी नेऊ?"

या प्रश्नाला डॉक्टरांच्या नियमात उत्तर नव्हतं. माझ्या डोक्यातली सासू मात्र एकदम जागी झाली.

मी तिचा हात धरून तिला व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिथं एक बादली पालथी घालून तिच्यावर बसले, पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि म्हणाले, "मी तुमची माय. या."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "पोट्टे, डोकं फिरलं काय तुहं?"

"आत त्यांना रडता येत नाही. त्यांच्या वाटचं मी रडते. तुम्ही तुमचं रडून घ्या आणि मग कोरड्या डोळ्यांनी आत जा." एवढं बोलून मी तिचा होकार येण्याआधीच नाटकातला खास सूर लावला, "आली वं माही बाई, आलीऽऽ..."

"थांब, थांब!" ती कानावर हात ठेवून म्हणाली. "अशी नाई रडत माही माय. हे त तमाशातलं झालं. ते आधी पाठीवरून हात फिरवते. काहीच बोलत नाई. मंग हळूच सुरू करते."

"असा?"

"खाली. आनखी खाली. हाव, तिथी."

आणि मी तिच्या पाठीवर बरोबर त्या जागी हात ठेवला, तशी ती मोडलीच. सगळं वजन माझ्या खांद्यावर आलं. "पयला डोया गेला तवा मी आली नाई वं माय... सासू खाटीवर होती, मले कोनं सोडलं नाई वं माय... मी चुलीपाशी बसून एकटीच रडली वं..." मी रंगवून म्हणायची चार वाक्यं मनात तयार करून ठेवली होती. त्यांतलं एकही तोंडातून निघेना. मी फक्त हात फिरवत राहिले. केव्हा माझ्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते कळलं नाही. स्टेजवर मी पुष्कळ रडले होते, पण ते रडणं प्रेक्षकांकडे तोंड करून असायचं. इथं माझं तोंड तिच्या अंबाड्यात होतं.

मग ती उठली, नळावर तोंड धुतलं, माझ्या पदरालाच पुसलं आणि आत गेली. आईशेजारी बसून तिचा हात हातात घेतला. डोळे कोरडे ठक्क.

आजींनी थोडा वेळ तो हात चाचपला. मग विचारलं, "रडली काय वं?"

"हाव."

"कोनापाशी?"

"इथली एक पोट्टी हाये ना, मोठ्या आवाजाची. तिच्यापाशी."

"बराबर रडता येते काय तिले?"

"नाई. पन शिकून राह्यली."

आजींनी ओठ असे घट्ट मिटले की गालाला खळ्या पडल्या. हसू आवरण्यासाठी एवढी मेहनत घेतलेली व्यक्ती मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही. डोकं तसूभर हललं नाही.

दुसऱ्या दिवसापासून फाटकावर बातमी पसरली की आत जायच्या आधी रडायची सोय झालेली आहे. मी एकटी पुरी पडेना. मग आणखी मुली आल्या. एक गणिताची हुशार मुलगी होती, तिला काही केल्या रडू येईना. पण तिचा खांदा रुंद होता, त्यामुळे बाया तिच्याकडेच जास्त जात. डॉक्टर एकदा पलीकडच्या वर्गातून बाहेर आले तर व्हरांड्यात एकाच वेळी तीन जोड्या गळ्यात गळे घालून टाहो फोडताहेत. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"कोण गेलं? कोणता पेशंट?"

"कोणी नाही," मराठीचे सर म्हणाले, "सेवाकार्य चालू आहे."

डॉक्टरांना सगळं समजावून सांगितलं. ते काही वेळ कमरेवर हात ठेवून ऐकत उभे राहिले. मग म्हणाले, "चालू द्या. जरा आणखी लांब न्या." आणि त्यांनी आपला हुकूम बदलला. जी बाई व्हरांड्यात जाऊन आली असेल तिला आत सोडा. आमची सही लागत नसे. डोळे लाल असले की पुरे.

सरांच्या फायद्यांपैकी मला काय काय मिळालं? नेतृत्व नाही. व्यक्तिमत्त्व फुललं ते पुढे निव्वळ आकारानं. पण एक गोष्ट मिळाली, आणि ती अजून वापरात आहे. माझ्यासमोर कोणी रडायला लागलं की मला "रडू नको" असं म्हणता येत नाही. मी आधी हात फिरवते. गल्लीतल्या बायका, शेजारची नवी सून, एकदा तर बँकेतल्या रांगेत उभी असलेली पूर्ण अनोळखी बाई, सगळ्या माझ्याकडे येऊन मोकळ्या होतात, आणि आमचे हे चहा टाकायला उठतात. माझ्या स्वतःच्या पाठवणीच्या वेळी मी आईच्या पाठीवर खाली, अगदी त्या जागेवर हात ठेवला, तेव्हा माझ्या कडक आईनं जे काही मला सांगितलं ते ती शुद्धीवर असताना कधीच बोलली नसती. हे सगळं त्या वरवटच्या बाईचं देणं आहे. तिचं नाव मी विचारलं नव्हतं. गळ्यात पडलेल्या माणसाला नाव कोण विचारतं?

आजींची पट्टी सुटली त्या सकाळी लेक तिथंच होती. ती परत गेलीच नव्हती. तिनं दशम्या आम्हालाच खाऊ घातल्या आणि शिबिरात स्वयंपाकाला लागली. खोलीची खिडकी अर्धी लोटून घेतली होती. डॉक्टरांनी पट्टीचे पदर हळूहळू उलगडले, कापसानं पापणी पुसली आणि म्हणाले, "सावकाश उघडा."

आजींनी डोळा उघडला.

"काय दिसतं?"

"पांढरं."

मी गणितवालीचा हात घट्ट धरला. डॉक्टर पेटीतून एक जाड भिंग काढून त्यांच्या डोळ्यापुढे धरू लागले. थोडं जवळ, थोडं लांब. लेक गुडघ्यांवर पुढे सरकली. पदर डोक्यावरून मागे सारला आणि चेहरा अगदी भिंगासमोर आणला.

"माय. मी दिसून राह्यली काय तुले?"

आजी पाहत राहिल्या. कपाळ पाहिलं, गाल पाहिले, कानामागचे केस पाहिले. तो एकटा डोळा भिंगामागे केवढा तरी मोठा झाला, आणि आजी अख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"अवं माय वं, तू त बुढी झाली!"