मुकं बेट

मोठीमायचे हात कोपरापर्यंत ओरखडलेले असत आणि त्या हातांना केवड्याचा वास येई. पारशिवनीजवळच्या आमच्या गावात, नाल्याकाठी, तिचं केवड्याचं बन होतं. भादव्यात ती कणसं ओल्या फडक्यात बांधून पहिल्या बसने नागपूरला, इतवारीत विकायला नेई. आमच्या नात्यातली ती नव्हे; शेजारीण.

घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. माझ्या कपड्यांना चुलीचा धूर लागलेला असे. मोठीमायने माझ्या पेटीत केवड्याच्या कणसातलं पान ठेवलं. "कालेजात जाऊन राहिली नं वं? मंग धूर काहून नेऊन राहिली? हे ने." पदवी मिळाली तेव्हा समारंभाच्या साडीच्या घडीतही तिने पान ठेवलं. तिच्या बनातलं ते शेवटचं.

बनात दोन बेटं होती. जांभळीजवळचं फुलायचं. अलीकडच्याला वासाचं कणीस कधी आलं नाही, नुसती हिरवी फळं लागत. त्याला ती मुकं म्हणे. पानं सारखी, काटे सारखे.

त्याच वर्षी नाला रुंद करायला मशीन येणार असं कळलं. मोठीमाय तापाने पडली होती. "जांभळीपासचेच फुटवे आनजो वं. मुक्यातले नको." मी गेले. जांभळीकडे गुडघाभर चिखल, हात फाटलेले, अंधारून आलेलं. अलीकडचे चार फुटवे घेतले. पलीकडचे सकाळी आणू म्हटलं. सकाळी माझ्याआधी मशीन पोचली.

मी तिला सांगितलं नाही. वनस्पतिशास्त्र शिकलेली मी. मादी झाडाच्या फुटव्याला वासाचं कणीस येत नाही, हे मला ठाऊक होतं.

तिने ते परसात लावले. भांडी धुतलेलं पाणी घालताना त्यांच्याशी भांडत असे, "अबे, बोला नं आता! भादवा आला."

पाचव्या वर्षी मी नागपूरहून सुट्टीत गावी गेले, तर झाडाला अननसासारखं हिरवं फळ लागलेलं. मोठीमायने ते हाताने चाचपून बघितलं.

"कोनत्या बेटातले होते वं?"

मी सांगितलं. सगळं.

"तुले लई काटे लागले असतीन," ती म्हणाली आणि बादली घेऊन त्यांनाच पाणी घालायला गेली.

त्या हिवाळ्यात ती गेली. तिला आंघोळ घालताना मी तिचे हात धरले होते. ओरखडे ताजे होते. वास कशालाच नव्हता.

तिचं पान ठेवलेली ती समारंभाची साडी मी फार उघडत नसे, वास उडेल म्हणून. परवा उघडली. नुसत्या कापडाचा वास आला.