माझ्या बक्षिसाचा कॉम्प्युटर

दहावीत मी शाळेतून पहिली आले, तेव्हा बाबांनी दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोरच विचारलं, "सांग, तुले काय पाहिजे?"

आर्वीला घराला लागूनच आमचं किराण्याचं दुकान होतं. मी क्षणभरही थांबले नाही. "व्हिडिओ गेम!" टीव्हीला जोडायचा, वरून कॅसेट खोचायची, तसला. मैत्रिणीकडे होता आणि तिच्या घरी मी त्याच्यासमोरून उठायचे नाही.

जेवताना दादाने विषय काढला. तो बारावीला दुसऱ्यांदा बसणार होता. "व्हिडिओ गेम काय घेता बाबा? कॉम्प्युटर घ्या. त्याच्यावर गेम बी होते, अन् अभ्यास बी."

"पण बक्षीस तं तिचं हाय ना?" आई म्हणाली.

"मंग कॉम्प्युटर बी तिचाच राहीन!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. एका क्लासमध्ये मी कॉम्प्युटरवरची गाड्यांची शर्यत पाहिली होती. ती आठवली आणि मी हो म्हणाले.

वर्ध्याहून जीपमधून कॉम्प्युटर आला. आईने हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. टेबल दादाच्या खोलीत होतं, म्हणून तो तिथेच मांडला. पहिल्या आठवड्यात गाड्यांची शर्यत मला दोनदा खेळायला मिळाली. मग दादाने पासवर्ड घातला.

"माही परीक्षा हाय. तू हात लावशीन तं बिघडन."

परीक्षेचा अभ्यास म्हणजे दार लावून दोस्तांसोबत बंदुका चालवणं. गोळ्यांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा. लोडशेडिंग संपून वीज आली रे आली, की ही फौज हजर. आणि त्यांचा चहा कोणी न्यायचा? मी. माझ्याच बक्षिसासमोर बसलेल्या चार पोरांना मी कप वाटायचे आणि त्यातलं एकही मान वर करून बघायचं नाही.

एका दुपारी मी ट्रे खाली ठेवला आणि भिंतीतला प्लग उपसून काढला.

दादा असा ओरडला, की बाबा दुकानातून धावत आले. "काऊन केलं असं?"

"माहा हाय. मी बंद केला."

"त्याची परीक्षा तं होऊ दे."

"दुकानात तुम्ही मले विचारलं होतं बाबा. त्याले नाई."

बाबा म्हणाले, "पोरीच्या जातीले एवढा राग बरा नाई." दादाच्या दोस्तांसमोर म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ट्रे तिथेच सोडून खोलीबाहेर पडले आणि पुन्हा कधी चहा नेला नाही.

दादा त्या खेपेला कसाबसा पास झाला आणि कसल्याशा कोर्ससाठी नागपूरला निघाला. सकाळी दारात जीप उभी राहिली. बाबा स्वतः मॉनिटर छातीशी धरून बाहेर येताना दिसले.

"पोरीले तरी विचारा," आई म्हणाली.

"तिले काय करायचा हाय आता? त्याले कामी पडन."

मी दारातच उभी होते. तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं, कोण जाणे. दात घट्ट आवळले, तरी डोळ्यांतून पाणी आलंच. जीप वळणाआड गेली. शेजारच्या काकू माझ्याजवळ आल्या आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रडू नको बाई, येईन दादा दिवाळीले."