न कापलेल्या चोची

उमाकांत देवस्थळींनी आयुष्यात कधी अंडं फोडलं नव्हतं, आणि नोकरी सुटल्यावर त्यांनी आनेकलजवळ कोंबड्या पाळल्या. बंगळूरच्या सरकारी कारखान्यात हयात घालवलेल्या माणसाला ब्याण्णव साली 'स्वेच्छेने' घरी बसवलं, की त्याला असं काहीतरी लागतं, जे तो गेला नाही तर अडेल. उमाकांतांना ते या पत्र्याच्या शेडमध्ये सापडलं.

पिल्लं आली तेव्हाच गुरांचे डॉक्टर हनुमंतय्या म्हणाले होते, "चोची कापून घ्या, सर. तापल्या पात्यावर एक क्षण. सगळेच करतात."

उमाकांतांच्या तळहातावर एक पिल्लू होतं. चोच म्हणजे त्याचं तोंड, त्याचे हात, त्याची बोटं. "माझ्या शेडमध्ये हे होणार नाही," ते म्हणाले.

घरी विद्याबाई हसल्या. "अंडी विकणार, पण चोच नाही कापणार! अहो, अर्धं सोवळं कुणी पाळलेलं पाहिलंय का कधी?"

पिल्लं मोठी झाली. अंड्यावर आली. मग एका सकाळी शेडवर काम करणाऱ्या मुनियम्माने हाक मारली, "अण्णा, बन्नी! या लवकर!"

एका कोंबडीने पहिलं अंडं घातलं होतं आणि तिच्या शेपटाखाली रक्ताचा ठिपका राहिला होता. चार-पाचजणी तिच्या मागे लागल्या होत्या. ओढत होत्या, गिळत होत्या. ती ओरडत नव्हती. आपलीच काही चूक झाल्यासारखी पुढे पुढे चालत होती. उमाकांत पोचेपर्यंत तिच्या पोटात फारसं काही उरलं नव्हतं.

"कॅनिबॅलिझम," डॉक्टर म्हणाले.

शब्द ओळखीचा होता. कारखान्यात बंद पडलेलं एखादं मशीन खोलून त्याचे भाग दुसऱ्याला बसवायचे, तेव्हा हाच शब्द वापरत. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

"पण मूळ अर्थ माणसांसाठीच ना, डॉक्टर? नरमांस खाणारे?"

"आपल्याच जातीचं खातो तो, सर. मासा असो, विंचू असो. आणि भुकेपोटीच खातात असंही नाही. तुमच्या खाद्यात काही कमी नाही. गर्दी, लख्ख उजेड, एक लाल ठिपका. पुरे होतं तेवढं."

"उपाय?"

"चोची कापायचं मशीन आणतो. पण आता त्या मोठ्या झाल्यात. रक्त जाईल, काही मरतील. बाकीच्या वाचतील."

"थोडे दिवस द्या मला."

घरी त्यांनी विद्याबाईंना त्या शब्दाचा अर्थ सांगितला. "म्हणजे भाऊबंदकीच की!" त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी हातातला डाव खाली ठेवला.

उमाकांतांनी खिडक्यांना गोणपाट लावलं. लाल बल्ब लावले, म्हणजे रक्त लाल दिसू नये. टोचायला कोबीचे गड्डे टांगले. जखमी कोंबड्या टोपल्यांखाली वेगळ्या ठेवून त्यांच्या जखमांना हळद लावली. स्वतः काठी घेऊन दिवसभर तुसावर बसून राहिले. तरी रोज सकाळी मुनियम्मा मेलेल्या कोंबड्यांची बादली भरून बाहेर नेत होती.

"अहो, तुमच्या दयेची किंमत कोण मोजतंय ते बघा एकदा," विद्याबाई म्हणाल्या. या वेळी त्या हसत नव्हत्या.

टोपलीखालची एक मानेला जखम झालेली कोंबडी बरी झाली. तिला त्यांनी स्वतःच्या हाताने भरवलं होतं. तिला कळपात सोडली आणि श्वास रोखून ते बघत राहिले, तिला कोणी ओळखतंय का. कोणी ओळखलं नाही. ती दाणे टिपत गेली, पाणी प्यायली. मग समोरच्या एकीच्या शेपटाखाली तिला काहीतरी दिसलं. तिने मान तिरकी केली आणि चोच मारली. बाकीच्या धावत आल्या.

उमाकांतांनी काठी उचलली नाही. ते उठले, आनेकलच्या बसस्टँडसमोरच्या टेलिफोन बूथपर्यंत चालत गेले आणि डॉक्टरांना म्हणाले, "आणा मशीन."

"कोंबड्या तुम्ही नका धरू, सर. माझी माणसं आहेत," मशीन घेऊन आल्यावर डॉक्टर म्हणाले.

"मीच धरतो."

एकेक कोंबडी त्यांच्या हातात आली. अंगठ्याखाली तिचं काळीज धडधडायचं, मग तापलं पातं, नख जळल्यासारखा वास, आणि पुढची. काही हातातच मान टाकत. मुनियम्माची बादली तिथेच ठेवलेली होती.

दुपारी डॉक्टर वायर गुंडाळत होते. "पुढची पिल्लं येतील, त्यांचं काय करायचं?"

"पहिल्याच आठवड्यात या," उमाकांत म्हणाले.

डॉक्टर गेले. शेडमध्ये कधी नव्हती अशी शांतता होती. कोंबड्या खाद्याला तोंड लावत, दचकून मागे सरत, पुन्हा जवळ येत. कोपऱ्यात एक सुजल्या तोंडाची दुसरीच्या पाठीमागे उभी होती. तिने थोटकी चोच मारली. काही हाती आलं नाही. पुन्हा मारली. पुढची जागची हललीही नाही. मागची मारत राहिली, आणि उमाकांत तुसावर बसून ते बघत राहिले.