मार्थाबाईंचं मागणं

माझी मुलगी अतिदक्षता विभागात बेशुद्ध होती. बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसलेल्या मार्थाबाईंचा मुलगाही आतच होता. त्या हलक्या आवाजात म्हणत होत्या, "प्रभू, सोडणार नाही म्हणालास ना? मग दिसत का नाहीस?" देवाची वचनं मला लहानपणापासून पाठ, पण त्या दिवशी एकाचाही आधार वाटेना.

दुपारी त्यांचा मुलगा गेला. रडून रडून सुजलेल्या डोळ्यांनी त्या माझ्यापाशी आल्या.

"लेकीचं नाव काय?"

"रूथ."

"प्रभू, रूथला आईपासून तोडू नकोस," त्या म्हणाल्या.

ज्याने त्यांचं ऐकलं नव्हतं, त्याच्याकडेच त्या माझ्यासाठी मागत होत्या. रूथ अजून डोळे उघडत नव्हती. मी त्यांचा हात धरला आणि कसंबसं आमेन म्हटलं.