टोक सुनेचं, तंगडी जावयाची

कोंबडीचे किस्से डालग्याखाली झाकलेल्या पिलांसारखे असतात. एक बाहेर काढावं म्हणलं तर सगळीच चिवचिवत निघतात. आमच्या कळंबच्या घरात असे डालगंभर साठलेत. बहुतेकांत येडी मीच, हे आधीच सांगून टाकते!

*

माझं माहेर माळकरी. लग्न होऊन आले तोवर कोंबडी फक्त चालताना बघितलेली. पहिल्याच वर्षी आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, साफ केलेली कोंबडी पुढ्यात ठेवली अन् तुकडे कर म्हणाल्या. मी मन लावून केले. वीस तुकडे, सगळे एका मापाचे. शाळेत असते तर बक्षीस मिळालं असतं.

आत्याबाईंनी पातेल्यात पळी फिरवली. तंगडी कुठली अन् पंख कुठला, पत्ता लागंना.

"बाई, कोंबडी केलीस का दोडका?"

*

मग माझी शिकवणी लागली. एकट्या पंखाचे तीन तुकडे, अन् तिघांना तीन नावं. नावं आमच्या घरातलीच, बाहेर कुणाला विचारू नका. खांद्याजवळचा मांसाचा तुकडा म्हणजे 'धाकटी तंगडी'. मधला, दोन बारीक हाडांचा, ती 'जोडकाडी'. अन् ज्यात कातडीशिवाय काही नसतं ते 'टोक'.

टोक तेवढं सुनेचं. बाकीचा पंख सुनेनं खाल्ला की ती माहेरी उडती, असं आत्याबाईंचं म्हणणं.

मी बारा वर्षं धाकटी तंगडी चोरून खाल्ली. एस.टी. स्टँडाच्या पलीकडं काय उडाले न्हाय.

*

कोंबडी कापायला मुलाणीचाचा यायचे अन् मान त्यांच्या हक्काची. निजामाचं राज्य गेलं तसं आमच्या मास्तरांना नवं वारं लागलं. मास्तर म्हणजे माझे यजमान, शाळेत गणित शिकवतात. त्यांनी चाचांना अंगणात उभं करून लेक्चर दिलं, की आता जुने हक्क सगळे रद्द झाले, मानेचाही.

चाचा शांतपणे सुरी पुसत होते.

"मास्तर, राज बदल्या. मुर्गी की गर्दन तो वइच है ना."

मास्तरांनी मान दिली. वर काळीजही दिलं.

*

जावयाला तंगडी, हा घरचा कायदा. मोठ्या नणंदेचे, ताराबाईंचे, यजमान जळकोटचे. एकदा माझ्या हातून त्यांच्या वाटीत जोडकाडी गेली. ढेकर दिली, टोपी घातली, गेले. वर्षभर ताराबाईंना माहेरी धाडलं न्हाय. आम्ही दोन पत्रं टाकली, तेव्हा एका ओळीचं उत्तर आलं: काड्या चावून दात दुखतात.

*

अन् त्याच्या पुढच्या आखाडात तिघं जावई एका दिवशी आले!

आखाडाचा शेवटचा दिवस, उद्यापासून श्रावण. जळकोटचे आले, मधल्या नणंदेचे यजमान तुळजापूरहून आले, अन् धाकट्या कुसुमचे यजमान तिला घेऊन आले. कुसुमला सातवा लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं यात तिचा सगळा जीव, पण सासरची माणसं नको म्हणत होती. शेवटचा शब्द नवऱ्याचा.

अन् डालग्यात कोंबडी एक. त्या दिवशी सगळ्या गावानं आपापल्या कापलेल्या, दुसरी मागायची कुणाला?

जळकोटच्यांना तंगडी न दिली तर पुन्हा वर्षाचा रुसवा. तुळजापूरचे त्यांच्याहून तापट. अन् कुसुमच्या नवऱ्याला न दिली तर तो तिला दुपारच्या गाडीनं परत नेणार. कुसुम चुलीपाशी बसून रडाय लागली. आत्याबाई माझ्याकडं अशा बघाय लागल्या, जशी तिसरी तंगडी मीच लपवलीय.

मी म्हणाले, "कुणालाच नको."

तिघांच्या वाट्यांत पंखाचे दोन-दोन तुकडे घातले. वरून काळ्या मसाल्याचा रस्सा, असा दाट की बोट बुडवलं तरी दिसू नये. तिघं मान खाली घालून जेवले. मधूनच शेजारच्या वाटीत तिरकं बघायचे. दिसत काहीच नव्हतं.

हात धुवून ओसरीवर बसले, तर आमच्या मास्तरांना पाहुणचार सुचला.

"काय मग, तंगडी कशी होती?"

मी दाराआडून कान लावला.

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. आपल्यालाच तेवढी मिळाली न्हाय, हे कबूल कोण करणार?

जळकोटचे म्हणाले, "मऊ होती."

तुळजापूरचे म्हणाले, "लई मऊ."

कुसुमच्या यजमानांनी मिशीवरून हात फिरवला. "माझी जरा मोठीच होती. असं खायला मिळतंय तर राहू द्या कुसुमला इथंच, बाळंतपण होईस्तोवर."

मास्तरांनी एक बोट मिटलं, दुसरं मिटलं, अन् तिसऱ्यापाशी थांबले.

तेवढ्यात आतून कुसुमनं तंगडीचं हाड फोडल्याचा मोठा आवाज आला.

"पान आणा," तिघं जावई एकदम म्हणाले.