चुलीवर घातलेला आळ

आमचं घर जळालं तेव्हा मी ब्रह्मपुरीला कॉलेजात होते. शेअर जीपने गावात पोहोचेपर्यंत दुपार झाली. भिंती उभ्या होत्या, छप्पर नव्हतं. छपराच्या, तापून फुटलेल्या कवेलूंचा थर घरभर पडला होता आणि त्याखाली बाबांची मासे धरायची जाळी वितळून गोळा झाली होती. माय चिंचेखाली बसली होती.

झालं ते असं. आमचं गाव वाघांसाठी राखलेल्या जंगलाच्या बफरमध्ये येतं. घरामागे शेताचा तुकडा, त्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाचं झाड आणि धुऱ्यापलीकडे रान. मोह पडायच्या आधी झाडाखालचा पाला जाळतात. फुलं मोकळ्या जमिनीवर पडतात, आणि वाकून वेचणाऱ्या बाईला आजूबाजूचं दिसतं. पाला तसाच राहिला तर त्यात बसलेला वाघ दिसत नाही. हे सगळ्याच बाया करतात, आणि त्याला मनाई आहे हेही सगळ्यांना माहीत आहे. मायने त्या सकाळी तेच केलं. वारा फिरला. आगीचं एक टोक रानात शिरलं आणि दुसरं तणसाच्या, भाताच्या पेंढ्याच्या, ढिगाकडे आलं. ढीग घराला लागूनच होता.

पंचनाम्याला सरकारी माणसं आली तेव्हा मी मायच्या शेजारी उभी होते. आग कशी लागली, असं त्यांनी तिलाच विचारलं. तिने तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "चुलीची ठिणगी उडली साहेब. हिचं ध्यान नव्हतं." रानातली आगही मग घरातूनच तिकडे गेली, असं धरलं गेलं. रान पेटवलं म्हणून तिच्यावर केस होऊ नये, एवढाच बाबांचा विचार होता. मलाही ते बरोबरच वाटलं. मायने फक्त मान खाली घातली.

त्या एका वाक्याने काय होईल, हे आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं. माय गावात रांधणारी म्हणून ओळखली जायची. लग्न असो की तेरवी, मोठ्या गंजातल्या मासोळीच्या रश्शाला तिचाच हात लागायचा. त्या उन्हाळ्यात एका लग्नघरी आम्ही गेलो, तर तिला कांदे चिरायला बसवलं. चुलीकडे जायला ती उठली की कोणीतरी तिच्या हातात आणखी काहीतरी द्यायचं. तिने सगळे कांदे चिरले आणि न जेवता घरी आली. घर म्हणजे तेव्हा भिंतीला टेकवलेली ताडपत्री.

परीक्षा संपवून मी घरीच राहिले. छपराला लाकूड हवं होतं आणि रानातून ओली फांदीही आणायची नाही, असं जंगलखात्याने बजावून सांगितलेलं. बाबांनी मग जुनं सागवानी आढंच ढिगातून ओढून काढलं. जळकं लाकूड घराला लावू नये, ते सरणाचं असतं, असं म्हातारे म्हणाले. बाबांनी ऐकून घेतलं आणि कुऱ्हाडीने ते तासायला बसले. कोळसा निघत गेला, आढं बारीक होत गेलं. शेवटी मांडीएवढं जाड आढं मनगटाहून थोडं मोठं राहिलं. त्याला मधे टेकू द्यावा लागला. तो आता घराच्या ऐन मधोमध उभा आहे, येता-जाता खांदा लागतो.

कवेलू चढवायच्या दिवशी गाव मदतीला आलं. तशी रीतच आहे. खालून वरपर्यंत माणसांची रांग लागली, हातोहात कवेलू जात होते. रांगेत जंगलखात्याच्या रोजीवरचा वनमजूरही होता. तो गावचाच, आणि आग लागल्याची खबर वर देणं हे त्याचं काम. माझी मोठी आई, म्हणजे बाबांची थोरली वहिनी, मायला म्हणाली, "बाई, या खेपेला चूल तलावात मांड. पाणी जवळ राहीन." सगळे हसले. मीही थोडी हसले असेन, कारण वाक्य मजेशीरच होतं. मायने पुढचं कवेलू उचललं.

बाबा वर आढ्याला पाय लावून बसले होते. ते खाली न बघता बोलले. "चुलीनं नाई जळलं घर. मोहाखालच्या पाल्यानं जळलं. मीच खोटं सांगतलो."

रांग थांबली. रांगेतल्या प्रत्येक बाईने कधी ना कधी पाला जाळलेला होता. मोठी आई पदर सारखा करत राहिली. मी वनमजुराकडे पाहिलं. त्याच्या हातात कवेलू होतं. ते त्याने पुढच्याला दिलं, हात झटकले आणि कामावर जायचं आहे म्हणून तो निघाला. बाकीचे काम संपेपर्यंत थांबले.

मला वाटलं होतं, मायला हलकं वाटेल. माणसं गेल्यावर ती बाबांसमोर उभी राहिली. "तुमी काऊन बोलले जी? मी सहन करूनच राह्यली होती ना?"

तुला कांदे चिरायला बसवलेलं पाहवलं नाही, एवढंच बाबा पुटपुटले.

घर उभं राहिलं तरी तिने आत चूल मांडली नव्हती. बाहेर तीन दगडांवर रांधायची, आणि दिवस कलला की बाबा आणि मी काठ्या घेऊन रानाकडे तोंड करून तिच्यामागे बसायचो. त्या संध्याकाळी मात्र ती तलावावर गेली आणि चिकणमाती घेऊन आली. मी कोंडा कालवून दिला. टेकूच्या पलीकडे, कोपऱ्यात, तिने चूल घालायला घेतली. मला बरं वाटलं, आणि मी तसं म्हणालेही.

तिने ओल्या हाताने चुलीची कड गुळगुळीत केली. "मले घेऊन गेले त तुमाले रांधाले पायजे ना," ती म्हणाली. "आता मांडली त वाळन तरी."

मग मला तिने जवळ बसवलं आणि तवा नीट बसावा म्हणून चुलीचे उंचवटे कसे काढायचे, ते माझा हात धरून दाखवलं. बाहेर रस्त्यावरून एक जीप गेली. ती पुढे निघून जाईपर्यंत मायचा हात माझ्या हातावर तसाच थांबून राहिला.