शिकारगाडीतले देव

भामावन्संना नवऱ्यानं टाकलं आणि माहेरच्यांनी उचललं, ते घरात राबायला फुकटचं माणूस मिळालं म्हणून. असं मी बोलले की आमच्या माणसांची तोंडं अजून आंबट होतात. होऊ देत. मी या घरची धाकटी सून, लीला. चाळीस वर्षं गप्प बसून झालं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची, मुकुंदरावांची थोरली बहीण. घरात सगळे त्यांना अक्का म्हणत. हैदराबादेत बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरी पहाटेपासून त्यांचं चाक फिरायला लागायचं. देवांची उपकरणी घासायची, गंध उगाळायचं, नैवेद्य रांधायचा, मग आम्हा सगळ्यांचं पोटापाण्याचं बघायचं आणि पदर खोचून जामबागेतल्या मराठी शाळेत तिसरीला शिकवायला पायी जायचं. परीक्षा त्यांनी चुलीसमोर बसून दिल्या होत्या म्हटलं तरी चालेल. जिला नांदायचं तिथं नांदू दिलं नाही, ती वर्गात मात्र राणीसारखी वावरायची.

भूगोल त्यांचा जीव की प्राण. उटीच्या डोंगरात चढणाऱ्या आगगाडीचं एक चित्र त्यांच्याकडे होतं. ते दाखवून त्या पोरींना सांगत, "या गाडीचं इंजिन पुढून ओढत नाही, मागून ढकलतं. आणि मधल्या रुळाला दात असतात." मग आपली फणी काढून तिच्या दातांवरून बोट चढवत न्यायच्या. पोरी खिदळायच्या. मला वाटतं, साऱ्या जामबागेत तेव्हा फणी आणि आगगाडी यांचा संबंध ठाऊक असलेल्या तेवढ्याच मुली.

पण स्वतः वन्सं कधी कुठं गेल्या नाहीत. घराबाहेर पडायचं म्हटलं की प्रश्न एकच, "देवांजवळ कोण बसणार?" उत्तरही ठरलेलं. लग्न असो, जत्रा असो, आम्ही टांग्यात आणि वन्सं दारात.

छप्पन साली हैदराबाद राज्य मोडलं. मराठी जिल्हे मुंबईकडे गेले, शहर आंध्राकडे राहिलं. जो तो भेटला की विचारी, "तुमचा तबादला कुठं?" सरकारनं नोकरांना विचारलं, बाबांनो, तुम्हाला कुठं जायचंय? अगदी चपराशालाही विचारलं. थोरले भाऊजी, एकनाथराव, यांनी मुंबई मागितली. आमच्या ह्यांनी इथंच राहायचं ठरवलं. शाळेनं वन्संना निरोप दिला, येत्या जूनपासून प्राथमिक विभागाच्या मुख्य बाई तुम्हीच. ते त्यांनी फक्त मला सांगितलं. सांगताना दूध उतू गेलं, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"मुकुंद इथंच आहे, मग मला कसली काळजी," म्हणाल्या. आपल्या भावाला त्या ओळखत नव्हत्या. मी ओळखत होते.

दसरा झाल्यावर भाऊजींनी टूम काढली. वेगळं होण्याआधी सगळ्यांनी मिळून उटीला जायचं. त्यांच्या ओळखीच्या एका जागीरदाराची शिकारगाडी पडून होती. जहागिरी गेली, वाघ उरले नाहीत, गाडी तेवढी उरली. आत घडीच्या खाटा, पाण्याची टाकी, स्टोव्हला जागा, बंदुका टांगायला खुंट्या. चालतंफिरतं घरच. वन्संचा चेहरा उतरला तेव्हा हेच हसत म्हणाले, "अक्का, देवांनाही घेऊ की गाडीत! मग तर झालं?" मला क्षणभर नवऱ्याचं कौतुक वाटलं. बंदुकांच्या खुंट्यांना सोवळ्याची लुगडी टांगली, देव्हारा खाटेवर बांधला आणि आम्ही निघालो. खंडोबा आणि बाळकृष्ण नवाबी गाडीतून फिरायला निघालेले मी तरी दुसरीकडे पाहिले नाहीत.

वाटेत सगळी मजाच होती, म्हणजे आमची. गाडी थांबली की वन्संचा स्टोव्ह पेटायचा. जाऊबाई सुशीलाबाई दम्याचं निमित्त करून खाटेवर, मी जमेल तसं हाताखाली. चालक युसूफमियाँ भला माणूस. गाडी उभी केली की तो आधी वन्संना पाणी आणून द्यायचा.

डोंगराच्या पायथ्याशी, मेट्टुपाळयमला, ती छोटी आगगाडी वाफ सोडत उभी होती. इंजिन खरंच मागच्या बाजूला. वन्सं ते बघायला धावत गेल्या. त्यांना तसं धावताना मी पहिल्यांदा पाहिलं. परत आल्या तर भाऊजी सामान मोजून घेत होते. म्हणाले, "अक्का, देवांजवळ कोण बसणार?"

वन्संना आधी कळलंच नाही. मग म्हणाल्या, "मांडीवर घेऊन बसते की डब्यात."

"आगगाडीत देव? कोळसा उडतो, कुणाकुणाचा धक्का लागतो. काही सोवळंओवळं आहे की नाही? अन् गाडीत ठेवावेत तर हा युसूफ."

युसूफमियाँ जवळच उभा होता. म्हणाला, "अक्का, तुम जाव. मैं दूर बैठ के देखता हूँ. देवां कू हात बी नै लगाता." भाऊजींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

मी म्हटलं, "मी थांबते, वन्संना जाऊ द्या." तर हे म्हणाले, "तुला नैवेद्याचं काय कळतं?" वन्संनीच माझ्या पाठीवर हात ठेवला. "जा गं तू. नीट बघून ये आणि मला सांग." आणि दशम्यांचं गाठोडं माझ्या हातात दिलं. वन्संची जागा रिकामी होती, तिच्यावर ते गाठोडं बसलं.

गाडी चढू लागली. दऱ्या, धबधबे, बोगदे, सगळं होतं. दातांवर चाक चढल्याचा कटकट आवाज येत होता. कुन्नूरच्या अलीकडे दोघा भावांनी दशम्या सोडल्या आणि खाता खाता वाटणी केली.

"घर तू ठेव, मुकुंदा," भाऊजी म्हणाले. "देव थोरल्याकडे, ते माझ्याबरोबर येतील."

"बरोबर आहे," हे म्हणाले.

"अन् देव तिथं अक्का. मुंबईत स्वयंपाकाला माणूस मिळत नाही, हिचा हा असा दमा."

घर मिळालेला माणूस आणखी काय म्हणणार? "ठीकच आहे," हे म्हणाले, आणि बोटाला लागलेलं तूप चाटलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "शाळेचं काय?" मी म्हटलं. "सरकारनं चपराशालाही विचारलं, कुठं जातोस म्हणून. तुम्ही वन्संना विचारलंत?"

"घरच्या माणसाला काय विचारायचं?" भाऊजी म्हणाले. जाऊबाई आपल्या मुलांना धबधबा दाखवू लागल्या.

संध्याकाळी परतलो. वन्संचा स्वयंपाक तयार होता. भाऊजींनी जेवता जेवता तो निकाल सांगितला. वन्सं वाढत होत्या. भाताचं भांडं हातात तसंच धरून त्यांनी मुकुंदरावांकडे पाहिलं. हे मान खाली घालून कालवत राहिले. वन्संनी त्यांना भात वाढला, वर तूपही वाढलं. भांडी घासताना एवढंच विचारलं मला, "मागूनच ढकलतं ना इंजिन?" मी हो म्हटलं आणि रडले. त्या रडल्या नाहीत.

काचीगुड्याच्या स्टेशनावर आम्ही त्यांना पोचवायला गेलो. शाळेतल्या पोरी आल्या होत्या, त्यांना वन्संनी ते चित्र देऊन टाकलं. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात ही गर्दी, कोळशाची पूड बाकावर, कुणाचा कोपर कुणाच्या बरगडीत. भाऊजींनी स्वतःच्या हातानं देवांचा डबा आणून वन्संच्या मांडीवर ठेवला आणि नीट धर म्हणून बजावलं. सोवळ्याचं नावही नाही.

मी खिडकीशी उभी होते. शिट्टी झाली तशा वन्सं देवांच्या डब्यावरची कोळशाची पूड पदरानं पुसून मला म्हणाल्या, "देवांना आगगाडी चालते की गं, लीला."